सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही : जुन्या मोटारीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

किल्ली फिरवल्यावर ‘सेल्फ’, म्हणजे बॅटरीच्या विजेवर चालणारी आणि इंजिनाला पहिले फेरे देणारी छोटी मोटार, जोमाने फिरते, इंजिनाची घरघर ऐकू येते, आणि तरीही इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागत नाही, हा जुन्या पेट्रोल गाडीचा नित्याचा बिघाड आहे. त्याचे निदान अवघड नाही. पण त्याभोवती जमलेल्या समजुती इतक्या पक्क्या आहेत, की कारण शोधण्याआधीच बॅटरी, प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर यांवर क्रमाक्रमाने पैसा खर्च होतो आणि मूळ दोष बहुधा एखाद्या सैल तारेत किंवा झिजलेल्या पॉइंटमध्ये तसाच राहतो.

चुकीच्या निदानाचा हा भुर्दंड मोठ्या शहरापासून दूर अधिक बोचतो; नागपूर–इटारसी लोहमार्गावरील तिगाव आणि त्याच्याभोवतीचा पांढुर्णा जिल्हा हे त्याचे उदाहरण. संत्रा आणि कापूस यांच्या या मराठी मुलखात मोटारींचा मोठा कारागीर किंवा दुर्मीळ सुटा भाग हवा असेल तर नागपूर गाठावे लागते, त्यामुळे चुकीच्या निदानाची किंमत येथे केवळ भागाच्या किमतीपुरती राहत नाही. ‘पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारात’ ही समजूतही येथे अनेकदा ऐकू येते; वास्तविक पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेल गाडीला दहा वर्षांची सक्तीची मर्यादा हा दिल्ली व तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता विषय आहे, आणि इतरत्र खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर, तपासणीत ती योग्य ठरल्यास, दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे १९५८ ते २०१४ या काळात उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेली अॅम्बॅसॅडर, मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आणि डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेली मारुती ८०० यांचे रोग समजून घेणे हा केवळ हौशी संग्राहकांचा विषय नाही.

सर्व गैरसमजांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो. इंजिन फिरणे आणि इंजिन पेटणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि पहिली घडली म्हणून दुसरीही जवळ आली असे मुळीच नसते. पेटण्यासाठी योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळलेली हवा सिलिंडरमध्ये यावी लागते, पिस्टनने ती पुरेशी दाबली जावी लागते (या दाबालाच कंप्रेशन म्हणतात), आणि दाब शिगेला पोहोचण्याच्या किंचित आधी प्लगमध्ये सशक्त ठिणगी पडावी लागते. सेल्फ फिरतो एवढ्यावरून बॅटरी अगदीच मेलेली नाही, सेल्फ शाबूत आहे आणि इंजिन जाम झालेले नाही, इतकेच सिद्ध होते. मात्र संशयितांची यादी त्यामुळे निम्म्याने आटोपते, आणि निदानाची सुरुवात या लाभापासूनच व्हायला हवी.

बॅटरी आणि धक्का

‘सेल्फ फिरतो, म्हणजे बॅटरी चांगली’ आणि ‘गाडी सुरू होत नाही, म्हणजे बॅटरी गेली’ ही परस्परविरोधी विधाने एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात आणि दोन्ही अपुरी आहेत. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढू लागला की हा आकडा खाली येतो, परंतु साधारणपणे तो ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये अशी अपेक्षा असते. ठिणगीसाठी लागणारी वीज याच उरलेल्या विद्युतदाबातून इग्निशन कॉइलला मिळते, आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दाब १२ वरून ८ व्होल्टवर घसरला तर ऊर्जा दोन-तृतीयांश न उरता निम्म्याहूनही कमी उरते. म्हणूनच थकलेली बॅटरी इंजिन फिरवू शकते आणि त्याच वेळी ठिणगीला उपाशी ठेवू शकते. ही शंका दूर करायला सेल्फ मारत असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरणे पुरेसे असते. त्यासाठी नवी बॅटरी विकत घ्यावी लागत नाही.

बॅटरीइतकेच लक्ष अर्थिंगला, म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या जाड पट्टीला, द्यावे लागते. ही पट्टी गंजली की सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीचा मार्ग चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो आणि त्या केबल तापू लागतात. अशी केबल हाताला गरम लागली तर दोष कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

धक्का मारण्याचा उपाय याच संदर्भात तपासावा लागतो. बॅटरीचे बळ कमी असून इंजिन मंद फिरत असेल तर धक्क्याने सेल्फचे काम माणसे करतात, सेल्फने ओढलेली वीज कॉइलला मोकळी होते आणि गाडी चालू होते. परंतु सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन पेटत नसेल, तर जे काम आधीच होत आहे तेच धक्क्याने पुन्हा होते. अशा गाडीला मैलभर ढकलण्यातून श्रमाखेरीज काही निष्पन्न होत नाही, आणि एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नंतरच्या गाड्यांत न जळलेले पेट्रोल त्या महागड्या भागात शिरून त्याची हानी करते.

ठिणगी दिसणे आणि ठिणगी पुरणे

प्लग बाहेर काढून त्याच्या टोकाशी ठिणगी दिसली की ‘करंट ठीक आहे’ असा निर्वाळा दिला जातो, आणि येथेच सर्वांत जास्त निदाने चुकतात. मोकळ्या हवेत प्लगच्या ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडवायला जेवढा विद्युतदाब लागतो, त्याच्या कितीतरी पट दाब सिलिंडरमधील कोंडलेल्या आणि दाबलेल्या मिश्रणात लागतो. त्यामुळे बाहेर फिकट पिवळी, बारीक आणि आवाज न करणारी ठिणगी दिसली, तर ती आत विझणारच असे मानून चालावे. निळसर पांढरी आणि स्पष्ट ‘टक्’ असा आवाज करणारी ठिणगी हाच समाधानकारक पुरावा होय. ही चाचणी करताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकलेला असावा, जाड तार हातात धरू नये, कारण तिच्यातील दाब वीस हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, आणि पेट्रोलचा वास येत असेल किंवा प्लगचे छिद्र उघडे असेल तर त्याच्याजवळ ठिणगी पाडूच नये.

ठिणगी अशक्त का होते हे कळण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये डोकवावे लागते. कॉइलमधील विजेच्या निर्मितीचे नियंत्रण आणि त्या विजेची योग्य सिलिंडरला वाटणी ही दोन्ही कामे या एका भागात होतात. आतील कॉन्टॅक्ट पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो; ते उघडताच प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्यातून उच्च दाबाची वीज निर्माण होते. सेल्फवर सुमारे २०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात हे मिनिटाला ४०० वेळा घडावे लागते. प्रवाह तुटताना पॉइंटमध्येच ठिणगी पडून ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर नावाची नळकांडीसारखी डबी असते, जी तो झटका क्षणभर स्वतःत सामावून घेते.

पॉइंटच्या दोन टिकल्या भिंगातून पाहिल्या तर दोषाची बरीच कहाणी तेथेच उलगडते. निरोगी टिकल्यांचा पृष्ठभाग सपाट आणि मंद करड्या रंगाचा असतो. एका टिकलीवर खळगा आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच उंचवटा दिसला तर धातू एकीकडून दुसरीकडे वाहून गेलेला असतो, आणि कंडेन्सरची धारकता त्या कॉइलला साजेशी नाही असा त्याचा अर्थ होतो. टिकल्या निळ्या-काळ्या पडल्या असतील तर कंडेन्सर निकामी झाल्याची किंवा त्याची तार सैल झाल्याची शक्यता फार मोठी असते. अशा वेळी कानशीने किंवा पॉलिश पेपरने पॉइंट घासून गाडी सुरू करून देणे हा उपचार काही दिवसच टिकतो, कारण जाळणारे कारण जागेवरच असते. घासणे उपयोगी पडते ते गाडी महिनोन्‌महिने उभी राहून टिकल्यांवर ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो तेव्हा. आणखी एक झीज सहसा नजरेतून सुटते : पॉइंट उघडणारी फायबरची टाच कॅमवर घासून हळूहळू झिजते, सुमारे ०.४ मिलिमीटर असायला हवी असलेली फट दर महिन्याला कमी होत जाते आणि एक दिवस पॉइंट उघडेनासेच होतात. काल चाललेली गाडी आज मुळीच ठिणगी देत नाही, तेव्हा नव्या कॉइलच्या आधी फट मोजणारी फीलर गेजची पाती हाती घेणे शहाणपणाचे असते.

पावसाळ्यात गाडी न पेटण्याचा दोष सर्रास ‘प्लगमध्ये पाणी गेले’ या शब्दांत सांगितला जातो, पण पाणी बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात साचलेली वाफ असते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी सुरू झाली तर प्रश्न तेथे संपतो. मात्र झाकणाच्या आतील बाजूस एका पितळी टोकापासून दुसऱ्यापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली, तर विजेने जाळून स्वतःसाठी कायमची वाट केलेली असते. ती रेघ पुसून जात नाही, झाकणच बदलावे लागते. झाकण पुन्हा बसवताना किंवा तारा काढताना क्रम चुकला तरी इंजिन फिरत राहते आणि पेटत नाही, किंवा कार्ब्युरेटरमधून मागे भडका मारते. अॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या चार सिलिंडरचा पेटण्याचा क्रम १–३–४–२, तर कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरचा १–३–२ आहे, आणि दुरुस्तीनंतर लगेच न सुरू होणाऱ्या गाडीत हा क्रम तपासणे हेच पहिले काम आहे.

एक लक्षण मात्र स्वतःच निदान सांगते. सेल्फ मारत असेपर्यंत इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच त्याच क्षणी बंद पडते, असे घडत असेल तर ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे चालू इंजिनात कॉइलचा दाब कमी ठेवणारा रोधक, बसवलेला असतो, त्यांत तो तुटलेला असतो. सुरू करताना वीज त्याला वळसा घालून जाते, म्हणून तेवढा वेळ इंजिन चालते.

पेट्रोल : टाकीत असणे आणि पोहोचणे

काटा भरलेली टाकी दाखवत असेल तर पेट्रोलचा संशय घेण्याचे कारण नाही, असे समजले जाते. पण टाकी आणि सिलिंडर यांच्यामध्ये नळी, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटरची सुई, फ्लोट आणि जेट इतके टप्पे असतात. दहा सेकंद सेल्फ मारून प्लग बाहेर काढला आणि तो कोरडा व गंधहीन निघाला, तर पेट्रोल पोहोचतच नाही. तो ओला निघाला, तर पेट्रोल पोहोचते आहे आणि दोष ठिणगीचा किंवा अतिरेकाचा आहे. या एका कृतीने शोधाची दिशा ठरते, आणि तिला प्लगपान्याखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

प्लग कोरडा असल्यास कॉइलची बारीक तार काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडण्याचा धोका उरत नाही, आणि गार इंजिनावर कार्ब्युरेटरकडे येणारी नळी एखाद्या बाटलीत सोडून सेल्फ मारावा. निरोगी पंप ठळक पिचकाऱ्या टाकतो. मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात तो जुना यांत्रिक पंप कॅमशाफ्टच्या हालचालीवर चालतो आणि त्यातील रबरी पडदा फाटला तर पेट्रोल वर जाण्याऐवजी इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर इंजिन फिरवणे तेथेच थांबवावे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. पंप चांगला असूनही पेट्रोल येत नसेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवाछिद्र बुजून आत निर्वात तयार झालेला असतो.

प्लग ओला असताना होणारी चूक याच्या अगदी उलट असते. गाडी सुरू होत नाही असे दिसताच अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबला जातो, आणि दर दाबासरशी कार्ब्युरेटरमधील छोटा पंप आणखी पेट्रोल आत फवारतो, त्यामुळे आधीच ‘ओव्हर’ झालेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळालेले, इंजिन अधिकच भिजते. योग्य कृती अशी की चोक पूर्ण बंद करावा, म्हणजे हवेची वाट मोकळी राहील, अॅक्सिलरेटर एकदाच तळाशी दाबून तसाच धरून ठेवावा आणि दहा सेकंदांहून अधिक न ताणता सेल्फ मारावा; दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबल्यास सेल्फलाही गार व्हायला अवसर मिळतो. कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची रीत मात्र पूर्णपणे टाकून द्यावी : उघड्या कार्ब्युरेटरमधून मागे येणारा भडका ओतणाऱ्याचा चेहरा आणि हातातील बाटली या दोहोंपर्यंत पोहोचतो.

इथेनॉलविषयीचे दोन टोकांचे ग्रह येथे तपासणे आवश्यक आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आले, आणि तेव्हापासून जुन्या गाडीच्या प्रत्येक बिघाडाचा ठपका एक तर त्याच्यावर येतो किंवा त्याचा काहीच संबंध नाही असे ठासून सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते; कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक मापाचे असल्याने मिश्रणात आपोआप हवेचे प्रमाण वाढते, आणि इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागत असल्याने हिवाळ्याच्या सकाळी गार इंजिन पेटायला अधिक चोक मागते. एवढ्याने गाडी बंद पडत नाही. खरा उपद्रव उभ्या गाडीत होतो : इथेनॉल हवेतील ओलावा शोषतो, पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते. शिवाय जुन्या काळातील रबर फुगते किंवा तडकते, टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टर तुंबतो. म्हणून हंगामभर शेडमध्ये राहणाऱ्या गाडीचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकी रिकामी करावी लागते.

उन्हाळ्यातील गरम इंजिन

पारा ४५ अंशांकडे झुकत असताना पांढुर्ण्याहून मुलताईच्या पठाराकडे चढण चढून आलेली गाडी दहा मिनिटे थांबवली आणि नंतर ती सुरू होईना, तर ‘व्हेपर लॉक’ हे उत्तर तयारच असते. इंजिन बंद झाल्यावर पंखा आणि पाण्याचे अभिसरण थांबते, त्यामुळे बॉनेटखालचे तापमान काही वेळ उलट वाढते. नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि द्रवासाठी बनवलेला पंप ती ढकलू शकत नाही, हाच व्हेपर लॉक, आणि पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या चालकांचा उपाय त्यावर शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्याच उष्णतेने कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडू शकते, आणि मग इंजिन उपाशी नसून भिजलेले असते. तिसरी शक्यता अशी, की कॉइलच्या आतील वेष्टन गरम झाल्यावर दगा देते आणि ठिणगीच नाहीशी होते. अर्ध्या तासाने गार झाल्यावर तिन्ही प्रकारांत गाडी सुरू होते, म्हणून गार झालेल्या गाडीवर केलेले कोणतेही निदान येथे निरर्थक ठरते. तपासणी गाडी सुरू होत नसतानाच व्हायला हवी : कोरडा प्लग व्हेपर लॉककडे, ओला प्लग सांडलेल्या पेट्रोलकडे आणि हरवलेली ठिणगी कॉइलकडे बोट दाखवते.

उरलेल्या शक्यता

ठिणगी आणि पेट्रोल यांपलीकडचा दोष ओळखायला कान उपयोगी पडतो. सेल्फवर फिरणाऱ्या निरोगी इंजिनाच्या आवाजात ठरावीक लय असते, कारण प्रत्येक पिस्टन दाब घेताना सेल्फला थोडे अडवतो. ही लय नाहीशी होऊन इंजिन नेहमीपेक्षा वेगाने आणि सपाट आवाजात फिरू लागले, तर कंप्रेशन गेलेले असते. मारुती ८०० मध्ये त्याचे पहिले संशयित कारण तुटलेला टायमिंग बेल्ट हेच असते. बेल्ट तुटलेल्या इंजिनावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये.

२००० सालाच्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक पद्धत आली, आणि तिच्याबरोबर ‘स्कॅनर लावला की दोष कळतो’ हा नवा समज रूढ झाला. स्कॅनर केवळ संगणकाला जाणवलेले विद्युत दोष सांगतो. बहुतेक जुन्या प्रणालींत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर नसल्याने टाकीतील पंप थकला तरी कोड उमटत नाही. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद येणारी पंपाची गुणगुण ऐकू येते का, आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहतो का, एवढे पाहणे स्कॅनरच्या आधीचे काम आहे. डिझेल जीपमध्ये तर ठिणगीच नसते. तेथे इंधनाच्या नळीत शिरलेली हवा, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘एअर घेतली’ म्हणतात ती, काढल्याशिवाय सेल्फ कितीही मारला तरी व्यर्थ ठरतो.

तिगाव–पांढुर्ण्याच्या वाहनधारकाने गाडी गॅरेजात देताना इंजिन गरम होते की गार, प्लग ओला होता की कोरडा, गाडी अचानक बंद पडली की कुरकुरत, आणि शेवटची दुरुस्ती कोणती झाली, हे मिस्त्रीला आधी सांगावे, आणि दुरुस्तीनंतर बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.